कागदावर न पडलेले थेंब

मारेगाव, ५ ऑगस्ट २०१७

रोशन, जयभीम.

दोन वर्षांनी लिहितो आहे म्हणून दचकू नकोस. घरी कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही. काम आहे. पत्र हातानेच लिहिणार, कारण मोबाईलवर बोटाने लिहिलं की माणूस मनातलं अर्धंच लिहितो. पानांचे फोटो काढून तुला हॉलंडला पाठवतो. उजेडात काढीन, म्हणजे 'दादा, दिसत नाही' असं म्हणायला जागा राहणार नाही.

मला तुझा पेपर पाहिजे. २०१३ च्या पावसाळ्यात इथे येऊन तू फवारणी करणाऱ्या मजुरांवर अभ्यास केलास, माझ्या मोटारसायकलीवर मागे बसून तालुका पालथा घातलास, तो पेपर. तो छापून आला तेव्हाच मी मागितला होता. तू 'पाठवतो दादा' म्हणालास आणि पाठवला नाहीस. त्यात माझं नाव कुठेच नसेल म्हणून पाठवत नाही, असा मी अर्थ काढला आणि बोलणं सोडलं. तो विषय आज काढत नाही. फक्त नोंद राहू दे.

त्या मासिकाच्या वेबसाईटवर मी स्वतः गेलो. तुझं नाव टाकलं तर पेपर निघाला. वरचा सारांश फुकट आहे, खाली कुलूप. पैसे भरा आणि चोवीस तास वाचा, असं लिहिलं आहे. सायकल भाड्याने देतात तसं! किंमत डॉलरात होती, ती मी रुपयांत करून पाहिली आणि चष्मा काढून पुसला. पुढे एक ओळ होती की गरीब देशांतल्या दवाखान्यांना हे फुकट मिळतं, देशांची यादी पाहा. पाहिली. आपला देश त्या यादीत नाही. म्हणजे आपण गरीब नाही. बोरीचा बळीराम माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात बसला होता, त्याला ही बातमी दिली. तो म्हणाला, "असं काय! मंग आजपासून कांताले दोन भाज्या करायले सांगतो."

बळीराम तुला आठवतोच. त्याच्या टोपीला, छातीला, पाठीला तू कापसाचे चौकोनी तुकडे चिकटवले होतेस, अंगावर औषध किती उडतं ते पाहायला. तो अजून गावात सांगतो, डॉक्टरनं मले बुजगावणं केलं म्हणून.

आता काम सांगतो. यंदा फवारणीने माणसं आजारी पडायला लागली आहेत. डोळ्यांना अंधारी, उलट्या, अंगाला दरदरून घाम. दरवर्षी थोडं असतंच, पण यंदा कापसाची पऱ्हाटी झपाट्याने वाढते आहे, पोळ्यापर्यंत डोक्याच्या वर जाईल, आणि मग फवारा वर धरून मारावा लागेल. देवराव, तोच कृषी केंद्रवाला, त्याने येत्या गुरुवारी शेतकऱ्यांची सभा ठेवली आहे. कोणता पंप वापरायचा हा विषय. तिथे मला बोलायला बोलावलं आहे.

मी डिक्शनरी घेऊन तुझ्या सारांशाचा शब्दन् शब्द लावला. शेवटचं वाक्य माझ्या मराठीत असं: विषबाधेचा धोका औषधाच्या प्रकारापेक्षा फवारणीच्या उपकरणाशी जास्त निगडित आढळला. हेच मी गेली चार वर्षं सांगतो आहे! हे चायनाचे बॅटरीवाले पंप आले आणि सगळा घोळ झाला. हाताने दांडा मारायचा नाही, नुसतं बटण दाबायचं, त्यामुळे माणूस न थांबता दिवसभर मारत राहतो. तुझ्या पेपरात आत त्याचे आकडे असणार. ते मला सभेत हवेत. सारांशावर बोललं तर लोक ऐकतात, पण आकड्यांपुढे गप्प बसतात.

माझी नोझल तर तू पाहिलीच आहेस. तेव्हापासून मी ती आणखी सुधारली. कंपनीच्या नोझलचं भोक मोठं असतं. मी पितळेच्या चकतीला बारीक भोक पाडतो आणि मागे पाण्याला गिरकी देणारी भोवरी बसवतो. फवारा नाही, धुकं निघतं. निळीचं पाणी भरून पांढऱ्या कागदावर मारतो. कंपनीचे ठिपके मसुरीएवढे, माझे खसखशीहून बारीक आणि सगळे सारखे. एक पंप जास्त ओळींना पुरतो, म्हणजे नाल्यावरून पाणी आणायच्या खेपा वाचतात. ते कागद मी तुला दाखवले होते. तू काही बोलला नव्हतास, नुसते फोटो काढले होतेस.

पेपर गुरुवारच्या आत पाठव.

धर्मपाल

मारेगाव, १४ ऑगस्ट २०१७

रोशन,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. 'दादा, पेपरचे हक्क प्रकाशकाकडे आहेत, मला असा वाटता येत नाही. सभेत कृपा करून त्यावर बोलू नकोस. फोनवर सांगतो.'

तुझा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. पुन्हा आला तेव्हा जेवत होतो. खरं लिहायचं तर घ्यायचाच नव्हता. फोनवरचं बोलणं हवेत जातं. मी कागद मागितला आहे, समजूत नाही.

आणि 'बोलू नकोस' हे तू मला कोणत्या हिशोबाने लिहिलंस? माणसं इथली, घाम इथला, कापसाच्या तुकड्यांत उतरलेलं विष इथलं. आणि त्यातून जे निघालं ते हॉलंडात कुलूपबंद. ज्याच्या मोटारसायकलीवर बसून तू ते गोळा केलंस त्याने वाचू नये आणि बोलूही नये? मी दहावी झालेला माणूस आहे, कबूल. पण इंग्रजी मी कोणाच्या शिकवणीला न जाता पंपांच्या माहितीपुस्तिकांवरून शिकलो, आणि तू सातवीत असताना तुझे धडे मीच घेतले. सारांश मला समजतो.

सभेत बोललो. देवरावच्या गोदामासमोर ताडपत्री टाकली होती, माणसं उभी राहिली इतकी गर्दी. मी आधी तुझा सारांश इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. तांड्यावरचा धनसिंग मागून ओरडला, "धर्मपालभाऊ, येवढा इंग्रजी कागद आनला अन् त्याच्यातून तुमच्याच दुकानाची जाहिरात निंगाली!" लोक हसले. मी म्हटलं, "धनसिंग, हा कागद माझ्या भावाने लिहिला. तो डॉक्टर आहे, हॉलंडात असतो, त्याला माझं दुकान चालवायची गरज नाही."

एकाने विचारलं, "मंग आमी बॅटरीचे पंप फेकून द्याचे काय?"

मी म्हटलं, "फेकू नका. घरी ठेवा. हातपंप काढा, त्याला माझी नोझल लावा. धुकं पानाच्या खालीसुद्धा जातं, औषध कमी लागतं. औषध कमी तर धोका कमी."

यात काय चूक आहे सांग. कमी औषध म्हणजे कमी धोका, हे शाळेतलं पोरही सांगेल.

देवरावने तिथल्या तिथे मागणी दिली, सगळ्या आजूबाजूच्या गावांसाठी. तेव्हापासून मी आणि लेथ, दुसरं काही नाही. प्रत्येक चकती मी भिंगाखाली पाहून सोडतो. भोकाला जराशी जरी कड राहिली तर ती बाद. बोटांना पितळेचा वास बसला आहे.

बळीरामने गेल्याच महिन्यात उसनवार करून बॅटरीचा पंप घेतला होता. सभा झाल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, तुमी म्हनता तर वापस करतो. पन खांदा दुखते ना हातपंपानं." मी म्हटलं, "खांदा दुखलेला बरा." त्याने मुकाट्याने परत केला. त्याच्या जुन्या हातपंपाला मी स्वतः नोझल बसवून दिली. त्याच्याकडून त्याचं काही घेतलं नाही.

तुझ्याकडे प्रकाशकाचे हक्क असतील. माझ्याकडे मारेगावच्या लोकांचा विश्वास आहे. पेपर पाठवायचा तर पाठव, नाही तर राहू दे.

धर्मपाल

वणी, ५ सप्टेंबर २०१७

रोशन,

हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

बळीरामला इथे आणलं आहे, वणीला डॉ. रत्नप्रभांच्या दवाखान्यात. काल सकाळी तो बोरीत एकाच्या शेतात फवारायला गेला. पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर. कांताबाई सांगत होती, "सकाळी गेलते चांगले. दुपारची भाकर घेऊन मी गेली त वावराच्या धुऱ्यावर बसून होते. मले म्हनते, कांता, तू दोन-दोन काहून दिसून राह्यली? मले वाटलं गंमत करते. मंग तोंडातून फेस आला."

त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मी बॅटरी मारून पाहिलं तर त्या हलतच नव्हत्या. मी ऑटो केला आणि इथे आणलं. डॉक्टरबाई चाळिशीच्या आहेत, बोलायला रोखठोक. आल्या आल्या त्यांनी कपडे काढायला लावले, साबणाने धुवायला लावलं, इंजेक्शन सुरू केलं. मग मला विचारलं, "कोणतं मारलं?"

मी म्हटलं, "दोन-तीन मिसळून मारतात."

"डबे आणलेत?"

आणले होते. माझी सवय तुला माहीत आहे. डबे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "एका विषाचा उतारा दुसऱ्याला चालत नाही, आणि कुठलं किती गेलं ते कळायला मार्ग नाही. अशा मिसळलेल्या विषावर आपल्या भागात एकच अभ्यास झाला आहे, तो मला पूर्ण मिळत नाही. सारांश तेवढा दिसतो."

मी म्हटलं, "तुम्हालाही?"

"मलाही म्हणजे? मी मोठ्या कॉलेजात शिकत होते तेव्हा नुसतं बटण दाबलं की जगातलं वाट्टेल ते मासिक उघडायचं. पदवी घेऊन बाहेर पडले आणि सगळ्या दारांना कुलपं लागली. रोगी आहेत वणीत, अन् वाचायची सोय मोठ्या शहरात. त्या अभ्यासातली माणसं तर इथलीच आहेत हो, मारेगावकडची!"

तेव्हा मी सांगितलं की तो पेपर लिहिणारा माझा धाकटा भाऊ आहे. सांगताना छाती जरा वर आली, हे लपवत नाही. बळीराम आत पडलेला असतानाही आली.

त्या लगेच म्हणाल्या, "मग मागवून घ्या ना!"

त्यावर मी म्हटलं, तो फार कामात असतो. तू नाही म्हणालास हे मला त्या बाईसमोर सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या. सारांशाखाली त्यांचा ईमेल दिलेला आहे. मीच लिहिते."

रोशन, आता सभा नाही, जाहिरात नाही. हा आपला बळीराम आहे. तुझ्या पेपरात इलाजाचं काही असेल तर प्रकाशकाला घाल चुलीत आणि आजच्या आज पाठव.

मला एक कळत नाही. त्याने बॅटरीचा पंप परत केला होता. माझीच नोझल लावली होती. मग हे झालं कसं? कांताबाई म्हणते, नाकाला रुमाल बांधला नव्हता. तेच असेल.

धर्मपाल

वणी, ९ सप्टेंबर २०१७

रोशन,

पेपर वाचला.

पाच तारखेची माझी पानं तू पाहिलीस, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. डॉक्टरबाईंनी त्याच संध्याकाळी तुला ईमेल केला आणि त्यांची चहाची कपबशी रिकामी होण्याआधी तुझा पेपर त्यांच्याकडे आला. अख्खा. वर लिहिलेलं, 'आणखी काही लागलं तर जरूर विचारा.' मी त्यांना प्रकाशकाच्या हक्काचं विचारलं. त्या म्हणाल्या, "छे! लिहिणाऱ्याला मागितलं तर तो देतोच, सगळे देतात. त्यात काही गुन्हा नाही." कॉम्प्युटरवरून छापून त्यांनी एक प्रत मला दिली, म्हणाल्या, "घ्या, तुमच्या घरचंच आहे."

मी त्या बाकावर बसून वाचला. पहिल्यांदा सरळ, मग डिक्शनरी घेऊन, मग पुन्हा सरळ. डिक्शनरीची खरं तर गरज नव्हती. मला एखादा शब्द चुकलेला सापडायला हवा होता.

तक्ता चार. बॅटरीचा पंप आणि कंपनीची नोझल: धोका सर्वात कमी. हातपंप आणि कंपनीची नोझल: त्याच्या जवळपास. त्याखाली वेगळी ओळ, 'स्थानिक वर्कशॉपमध्ये बारीक केलेली नोझल': बाकी सगळ्यांच्या तिप्पट. पुढे कारण दिलं आहे, आणि तू फार चांगलं लिहिलं आहेस, हे म्हणणं भाग आहे. इतके बारीक थेंब पानावर बसत नाहीत, हवेत तरंगतात. पऱ्हाटी उंच असेल आणि फवारा वर धरला असेल तर ते फवारणाऱ्याच्या तोंडासमोर लोंबकळत राहतात आणि श्वासातून आत जातात. बळीरामच्या कॉलरला तू जी छोटी नळी लावली होतीस, मी समजलो होतो ती ताप मोजायची आहे; ती तर त्याच्या श्वासाजवळची हवा ओढून घेत होती.

माझे ते निळीचे कागद. मी वर्षानुवर्षं कागदावरचे ठिपके भिंगातून पाहिले. जे थेंब कागदावर पडलेच नाहीत, ते मी कधी हिशोबात धरलेच नाहीत. ते कुठे जातात हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. तुझ्या डोक्यात आला. म्हणून तू शिकलेला आणि मी नुसता हुशार.

शेवटच्या पानावर आभार आहेत. 'क्षेत्रभेटींत साहाय्य करणाऱ्या एका कुटुंबीयाचे.' नाव नाही. नाव का नाही हे दोन वर्षांनी कळलं. नाव दिलं असतं तर 'स्थानिक वर्कशॉप' कोणतं हे सगळ्यांना कळलं असतं. तू मला झाकलंस. मी इकडे रुसून बसलो होतो की नाव दिलं नाही.

पण झाकलंस कोणापासून? हॉलंडातल्या लोकांना मारेगावचं वर्कशॉप शोधायचं नव्हतं. ज्यांना कळायला पाहिजे होतं ते सगळे या पेपरच्या कुलपाबाहेर उभे होते, आणि त्यात पहिला मी. तुला वाटलं असेल, छापलं म्हणजे सांगितलं. तुला वाटलं असेल, दादाला तोंडावर कसं सांगायचं, तो मानी आहे. एवढं एक वाक्य होतं रे: दादा, ही नोझल माणसाला मारते. मी तुझ्याशी जन्मभर बोललो नसतो कदाचित. पण लेथ बंद केला असता.

आणि तू फोन केलास, मी घेतला नाही. तेही मी विसरत नाही. ते तुझ्या बाजूला लिहून ठेवतो.

डॉक्टरबाई बाकापाशी येऊन म्हणाल्या, "मी इलाज शोधायला मागवला होता. यात इलाज नाही, कारण आहे. पण कारणही कामाचं आहे. ही नोझल बनवणारं वर्कशॉप कोणतं, ते तुमच्या भावाला विचारून सांगा. ते आधी बंद करायला हवं."

मी म्हटलं, "माझं आहे."

त्या माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "बाहेर किती गेल्या आहेत?"

कांताबाई समोरच्या भिंतीला टेकून बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण आमचं बोलणं मराठीत होतं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

बळीरामला काल श्वासाच्या यंत्रावर घेतलं. दोन दिवस सुधारल्यासारखा वाटत होता. मला पाहून म्हणाला होता, "दादा, आता एकच दिसता. मले वाटलं दोन धर्मपाल झाले, आता गावाचं काही खरं नाई." मग मान उचलता येईना, आणि मग श्वास.

धर्मपाल

मारेगाव, ७ ऑक्टोबर २०१७

रोशन,

तुझा मेसेज वाचला. 'दादा मला माफ कर' एवढ्याने तुझं काय होतं आणि माझं काय होतं? घडलं ते सांगतो.

बळीराम बारा सप्टेंबरला सकाळी गेला. डॉक्टरबाईंनी हात राखून काही केलं नाही. बोरीला नेलं तेव्हा लोक मलाच पुढे करत होते, धर्मपालभाऊंनी लय केलं म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा. त्यांना वाटलं दुःखाने म्हणतो.

तेरवी झाल्यावर मी नोझली परत आणायला निघालो. तुला बसवून फिरवलं होतं त्याच रस्त्यांनी. सोपं वाटलं होतं: जाऊन म्हणायचं, चुकलं, परत द्या, कंपनीची घ्या. तसं होत नाही. देवराव म्हणाला, "भाऊ, अर्ध्यावर हंगाम आला. आता मागं घेतलं त लोक मले जोड्यानं मारतीन. दिवाळीनंतर पाहू." मी म्हटलं दिवाळीपर्यंत आणखी कोणी मेलं तर? तो म्हणाला, "बळीराम औषधानं मेला. उगाच आपल्या अंगावर काहून घेऊन राह्यले?" मला सोडवायलाच बोलत होता. सगळे मला सोडवायला बघतात, तू धरून.

तांड्यावर धनसिंगने तर दारातच अडवलं. "सभेत म्हनत होते बॅटरीवाला वाईट, आता म्हनता आपलीच नोझल वाईट. कोन्या कंपनीनं इकत घेतलं तुमाले?"

मी तुझा पेपर काढून तक्ता चार दाखवला. "हे वाच."

"इंग्रजी हाय."

"मागच्या वेळीही इंग्रजीच होतं. तेव्हा ऐकलंस."

"तवा तुमी आमच्या फायद्याचं सांगत होते," तो म्हणाला. त्याची नोझल त्याने दिली नाही. त्याचा पोरगा त्याच वेळी पंप पाठीवर घेऊन शेतात निघाला होता. मी त्याला हाक मारली. त्याने मागे वळून हात हलवला.

म्हणून मग मी तुझ्या पेपरचं मराठी केलं. तक्ता चार पूर्ण, त्याखालचं कारण पूर्ण, कुठेही माझ्या पदरचं न घालता. एकाच ठिकाणी बदल केला. जिथे तू 'स्थानिक वर्कशॉप' लिहिलं होतंस तिथे मी लिहिलं: धर्मपाल यांचे पंप दुरुस्ती दुकान, बसस्टँडमागे, मारेगाव. झेरॉक्स काढून गावोगाव वाटतो आहे, पारावर चिकटवतो आहे. डॉक्टरबाईंनी दवाखान्यात लावला. तुझ्या प्रकाशकाला माझ्यावर खटला भरायचा तर पत्ता त्या कागदावरच आहे, शोधावं लागणार नाही.

काही नोझली आल्या. पुष्कळ आल्या नाहीत. आलेल्या मी ऐरणीवर ठेवून चपट्या करतो. लोक दुकानासमोरून जाताना चाल धीमी करून पाहतात. कोणी शिवी देत नाही. शिवी दिली असती तर बरं होतं.

परवा बोरीला गेलो. कांताबाईला तो मराठी कागद वाचून दाखवायचाच होता. पारावरून दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळू नये. ओट्यावर बसून सगळा वाचला, दुकानाचं नाव आलं तिथेही थांबलो नाही. ती तूर निवडत होती. निवडणं थांबलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे बॅटरीचाच बरा होता."

मी म्हटलं, "हो."

"तुमी वापस करायले लावला."

"हो."

"त्याइचा खांदा लय दुखे." मग सुपातली तूर तिने एका बाजूला घेतली आणि विचारलं, "हे रोशनभाऊनं लिवलं ना? कवा लिवलं?"

मी सांगितलं, दोन वर्षं झाली.

"मंग त्याइले मालूम होतं काय? तुमी हे बनवून राह्यले, अन् आमचे घरवाले ते पाठीवर घेऊन राह्यले, हे मालूम होतं त्याइले?"

मी आयुष्यात मोजमापात कधी खोटं बोललो नाही. माझ्याकडची कोणतीही वस्तू आण, सांगितलं त्याहून केसभर इकडेतिकडे निघणार नाही. कांताबाईला मी नाही म्हणालो. म्हटलं, रोशनला माहीत नव्हतं, त्याने नुसते आकडे लिहिले, वर्कशॉप कोणाचं ते त्याच्या लक्षातच आलं नसेल.

तुझ्यासाठी बोललो असं समजू नकोस. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, आपल्या घरातल्या एकाच माणसाने तिचा नवरा मारला एवढं ती आज उचलू शकते. दोघांनी मिळून मारला, एकाने बनवून आणि एकाने गप्प राहून, हे तिला उचलवणार नाही. तिने मान हलवली. "नसनच मालूम," म्हणाली. "मालूम असतं त सांगितलं असतं त्यायनं. चांगला मानूस हाय." आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

डिसेंबरात तुला सुट्टी असते. इथे ये. माझ्याकडे उतरू नकोस, मला भेटायचीही गरज नाही. सरळ बोरीला जा. मी तुला चांगला माणूस ठरवून आलो आहे. ते खरं की खोटं, तिच्या ओट्यावर बसून तूच तिला सांग.

धर्मपाल